जस्त कुठे गेलं

भिवंडीजवळ राहनाळच्या हद्दीत, गोडाऊनांच्या रांगांच्या मागे, धातूची पावडर बनवणारा एक लहान कारखाना होता. तिथे मी पाच वर्षं नोकरी केली. माझं लग्न तिथे असतानाच झालं, घरात पहिला फ्रीज तिथल्या पगारातून आला, आणि जे काम मी आजही करते ते मी तिथेच शिकले. तरी त्या कारखान्याचा विषय निघाला की मला आधी एक दुपार आठवते आणि त्या दुपारी मी बोललेलं एक वाक्य. ते वाक्य खोटं नव्हतं. पुढे कितीतरी महिने मी स्वतःला तेवढंच सांगत राहिले.

आम्ही कामतघरला चाळीत राहायचो. वडील लूमवर होते. त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू यायचं नाही, त्यामुळे आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे आणि पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला होता. वर्गात आम्ही चारच मुली होतो. डिप्लोमानंतर वर्षभर ठाण्याला एका दुकानात प्रेशर गेज दुरुस्त करत होते. तिथून या कारखान्याचा पत्ता मिळाला. मोबाईल नुकते हातात यायला लागले होते, भारनियमन रोजचं होतं, आणि कारखान्यात कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसातल्या टेबलावरचा एक जाडजूड डबा, ज्यावर शेठचा पुतण्या पत्ते खेळायचा.

शेठनी मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला. "भट्टीजवळ उभी राहशील?"

"राहीन," मी म्हणाले.

मग त्यांनी मला काम समजावून सांगितलं. कारखान्यात तांब्याची आणि पितळेची पावडर व्हायची. भट्टीतल्या मुशीत धातू वितळवायचा, तो एका बारीक भोकातून खाली सोडायचा, आणि पडणाऱ्या धारेवर चारी बाजूंनी कॉम्प्रेसरची हवा आदळवायची. धार फुटते, तिचे थेंब हवेतच थिजतात, आणि खालच्या टाकीत पावडर गोळा होते. धातू कमी तापलेला असला तर कण जाड पडतात, भोकही तुंबतं. हवेचा दाब हलला तरी कण बदलतात. बेअरिंग बनवणारं एक मोठं गिऱ्हाईक सारखं तक्रार करत होतं, की एका लॉटचा माल दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून शेठनी सेन्सर बसवायचं ठरवलं होतं. एक सेन्सर लांबूनच धारेकडे बघून तिचं तापमान सांगणार, दुसरा हवेचा दाब, आणि दोन्ही आकडे त्या क्षणी भट्टीशेजारच्या स्क्रीनवर येणार. आकडा बरोबर असेल तर हिरवा, कमी असेल तर लाल.

"आत्तापर्यंत सगळं म्हाताऱ्याच्या डोळ्यावर चाललंय," शेठ म्हणाले. "डोळे किती दिवस पुरणार?"

म्हातारा म्हणजे भट्टीवाले काका. ते तसे म्हातारे नव्हते, पन्नाशीच्या जरा पुढे असतील. राहनाळचेच, आगरी. कारखाना ज्या जमिनीवर होता तिच्या पलीकडच्या बांधापर्यंत एकेकाळी त्यांच्या घरच्यांची भातशेती होती. तिथे आता कुणाचं तरी टाइल्सचं गोडाऊन होतं. अठरा वर्षं ते त्याच भट्टीवर होते. भुवया जळून विरळ झालेल्या, आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बारीक पांढरे डाग.

मला वाटलं होतं ते माझा राग करतील. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ही ओढनी काढ नायतर बांध. भट्टी माणसाला कपड्यानं वढते." मी ओढणी कमरेला बांधली. ते म्हणाले, "आता इकडं ये. हितं उभी ऱ्हा. तिकडून तुला काय दिसनार न्हाय."

अशी आमची सुरुवात झाली. तापमानाचा सेन्सर कुठे बसवायचा ते त्यांनीच दाखवलं. धार कुठे सरळ असते आणि कुठे थरथरायला लागते, हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. मी वही घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहायचे. ते मुशीत लोखंडी सळई बुडवायचे, वर काढून तिच्या टोकाकडे बघायचे, आणि ओतायची वेळ झाली की नुसतं "आता" म्हणायचे. ते "आता" म्हणाले की मी सेन्सरचा आकडा वहीत लिहायचे. पंचवीस-तीस वेळा लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांचं "आता" दर वेळी जवळजवळ त्याच आकड्यावर येतंय. चार-पाच अंशांचा फरक. स्क्रीनवर हिरवा रंग कुठे सुरू व्हावा हे मी त्यावरून ठरवलं. ती हिरवी रेघ खरं तर त्यांची होती. शेठना रिपोर्ट देताना मात्र मी लिहिलं, 'चाचणीनंतर निश्चित केलेली मर्यादा.'

काकांना या खेळाची मजा वाटायला लागली होती. स्क्रीनकडे पाठ करून ते "आता" म्हणायचे आणि मग वळून बघायचे. हिरवं असलं की म्हणायचे, "बग, माझा न तुझ्या डब्याचा जमला." जेवणाच्या सुट्टीत ते मला सुक्या मासळीची, वाकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी द्यायचे. मी लूमच्या आवाजात वाढलेली, त्यामुळे कॉम्प्रेसरचा सूर जरा बदलला तरी मला कळायचं. याचं त्यांना फार कौतुक होतं. इतरांना सांगायचे, "हिचा कान माझ्यावानी हाय."

हे सगळं तांब्यावर चाललं होतं. तांब्याला धूर नसतो. धार स्वच्छ, नारिंगी, काचेच्या कांडीसारखी दिसते. तीन महिने सेन्सरने एकदाही दगा दिला नाही. गिऱ्हाइकाच्या तक्रारी थांबल्या. शेठ बाहेरच्या लोकांना घेऊन यायचे आणि स्क्रीनसमोर उभं करून सांगायचे, "सब लाइव्ह है, देखो, इसी सेकंड का."

मग पितळेची ऑर्डर आली.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त हा पळपुटा धातू. उष्णता थोडी जास्त झाली की तो पेटतो, पांढरा धूर होऊन निघून जातो, आणि मुशीत नुसतं तांबं वाढत जातं. हे काकांनी मला सांगितलं होतं. शिवाय सेन्सरच्या माहितीपुस्तकात एका पानावर लिहिलं होतं, की सेन्सर आणि धातू यांच्यामध्ये धूर किंवा वाफ असेल तर तापमान खऱ्यापेक्षा कमी दिसतं. ते पान मी वाचलं होतं. त्या ओळीखाली पेन्सिलने रेघही मारली होती. तीन महिने आकडे बरोबर येत होते म्हणून ती रेघ माझ्या डोक्यातून गेली. पितळेवर वेगळी चाचणी घ्यायला हवी होती. मी फक्त कॉम्प्युटरमध्ये पितळेसाठीचा नवा आकडा टाकला, तोही पुस्तकातल्या तक्त्यातून.

पहिल्या पितळेच्या दिवशी काकांनी सळई बुडवली, बाहेर काढली, आणि म्हणाले, "आता."

स्क्रीन लाल होती.

शेठनी त्याच आठवड्यात नियम केला होता, की स्क्रीन हिरवी झाल्याशिवाय धार सोडायची नाही. नियमाचा कागद भट्टीशेजारी खांबावर चिकटवला होता. तो मीच टाइप केला होता.

"काका, अजून कमी आहे," मी म्हणाले.

"कमी न्हाय गो. बराबर हाय."

"चाळीस अंश कमी दाखवतंय."

त्यांनी पुन्हा सळई बुडवली. पुन्हा पाहिली. "पोरी, हा तांबा न्हाय. आजून तापवला तं जस्त जाल उडून. मंग काय ऱ्हाल?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. शेठ ऑफिसच्या काचेतून आमच्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हिरवं होईपर्यंत नाही सोडायचं, काका. नियम आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भट्टीचा बर्नर वाढवला. थोड्याच वेळात मुशीवर हिरवट पांढऱ्या ज्वाळा नाचायला लागल्या आणि पांढरा धूर वर चढला. धूर वाढला तसा स्क्रीनवरचा आकडा आणखी खाली आला. आकडा खाली आला म्हणून बर्नर आणखी वाढला. आता लिहिताना हे किती सरळ वाटतं. तेव्हा मी त्या धुरात तोंडाला रुमाल लावून उभी होते आणि मला फक्त लाल रंग दिसत होता. एका क्षणी दारातून वारा आला, धूर बाजूला झाला, आणि स्क्रीन हिरवी झाली. मी ओरडले, "सोडा!" काकांनी धार सोडली.

दुसऱ्या दिवशी काका कामावर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. अंगात कणकण होती. "जस्ताचा ताप," ते म्हणाले. "धूर नाकात गेला का येतो. गूल खाल्ला का जातो." त्यांनी कागदाच्या पुडीतून गुळाचा खडा काढून तोंडात टाकला आणि हातमोजे चढवले. त्या आठवड्यात आम्ही पितळेचे आणखी तीन लॉट तसेच काढले. दर वेळी ते "आता" म्हणायचे. दर वेळी मी नाही म्हणायचे. चौथ्या वेळी त्यांनी "आता" म्हणणंच सोडलं. नुसते माझ्याकडे बघून थांबले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी सेन्सर साफ करायला वर चढले. काचेवर पांढरा थर बसला होता. मी फडक्याने पुसला, तर फडकं पिठासारखं पांढरं झालं. वर पाहिलं तर छताच्या पत्र्याला आणि अँगलला कापसासारखे पांढरे पुंजके लटकत होते. मी एक बोटावर घेतला. त्याला वजनच नव्हतं.

त्या दिवशी तांब्याचा लॉट होता. काच पुसल्यावर आकडा आदल्या दिवसापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी वर आला. मी शिडीवर उभी होते आणि मला सगळं कळलं. पितळेच्या चारही लॉटना सेन्सर धुरातून बघत होता, धुरकट काचेतून बघत होता, आणि आम्ही पितळ नको तितकं तापवलं होतं. काका पहिल्यापासून बरोबर होते. मी खाली उतरले. फडकं घडी करून कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकलं. कुणाला काही सांगितलं नाही. स्वतःला म्हटलं, आधी नीट खात्री करून घेऊ, मग सांगू. माल तर गेलाच आहे. कदाचित चालूनही जाईल.

माल चालला नाही. पंधरा-वीस दिवसांनी गिऱ्हाइकाचा रिपोर्ट आला, की पितळेत जस्त कमी आहे.

शेठनी काकांना दुपारी ऑफिसात बोलावलं. मलाही. आम्ही आत येताच शेठनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि काकांना विचारलं, "जस्त किधर गया?"

स्टोअरमधून जस्ताच्या लाद्या काका स्वतः काढायचे. किल्ली त्यांच्याकडेच असायची, अठरा वर्षं. प्रश्नाचा अर्थ काकांना लगेच कळला नाही. मला कळला.

"उडाला शेठ," काका म्हणाले. "लय तापवला ना. वर पत्र्यावर बघा, सगला तिथं हाय."

"तापवला?" शेठनी कॉम्प्युटरचा डबा त्यांच्याकडे वळवला. चारही दिवसांचे ग्राफ स्क्रीनवर होते. शेवटचा क्षण सोडला तर रेघ सगळीकडे लाल पट्ट्यात. "हे बघ. तुझा माल तर थंड होता. थंड मालातून जस्त उडतं का? शिकव मला."

"शेठ, ता यंत्र खोटा बोलतंय."

"तीन महिने खरं बोललं, आणि तुझ्या टायमालाच खोटं बोललं?" शेठ ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मी पोलिसात जाणार नाही. तू जुना माणूस. फक्त सांग, लाद्या कुठे गेल्या?"

तेव्हा काकांना कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला नाही की उतरला नाही. ते फक्त माझ्याकडे वळले.

"पोरी, तू तिथं व्हतीस. तूच सांग. गरम व्हता का न्हाय?"

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. वडिलांचं काम त्या महिन्यात आठवड्याला तीन दिवसांवर आलं होतं. पण या गोष्टी मी नंतर जुळवल्या. त्या क्षणी मनात एवढंच होतं, की सेन्सर चुकला म्हटलं तर मी चुकले. मी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "ग्राफमध्ये तर कमीच दाखवतंय."

काकांनी कमरेच्या करदोड्याला लावलेली स्टोअरची किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. भट्टीवर गेले, हातमोजे काढून खांबाच्या खिळ्याला अडकवले, चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर पडले. जेवणाचा डबा तिथेच राहिला. संध्याकाळी तो मी घासला आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या एका हेल्परबरोबर पाठवून दिला. माझ्यात तेवढंच धैर्य होतं.

पुढच्या पंधरा दिवसांत मी सेन्सर दुरुस्त केला. त्याच्यासमोर एक पोलादी नळी बसवली आणि कॉम्प्रेसरची थोडी हवा तिच्यातून सोडली, म्हणजे धूर बाजूला ढकलला जाईल आणि काचही स्वच्छ राहील. शेठना देखभालीचं कारण सांगून छतात पंखा लावून घेतला. पितळेचा पुढचा लॉट अगदी बरोबर उतरला. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, म्हातारा गेला आणि माल सुधारला." लोक हसले. मी नाही हसले, पण बोललेही नाही. महिन्याभराने माझी नोकरी कायम झाली. आईने पेढे वाटले. मी एक घेतला आणि अर्धा खाऊन परत ठेवला. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हणाले, "गोड जास्त आहे."

काकांच्या जागी नवा भट्टीवाला आला, शांत स्वभावाचा, उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा. तो सळई बुडवायचा नाही. स्क्रीन हिरवी झाली की धार सोडायचा. मी त्याला काही शिकवलं नाही, आणि त्याने मला काही विचारलं नाही. काम उत्तम चाललं होतं.

असे आठ-नऊ महिने गेले. रोज ठरवायचे, आज शेठना सांगायचं. सकाळी रिक्षात बसल्यावर वाक्यं जुळवायची. फाटकात उतरले की वाटायचं, आता इतक्या उशिरा सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, तेव्हा का नाही बोललीस. जितके दिवस जायचे तितका तो प्रश्न अवघड व्हायचा.

एक दिवस मी शेअर रिक्षातून येत होते. रिक्षावाला राहनाळचाच होता. टाइल्सच्या गोडाऊनसमोर रस्ता अडला होता, ट्रक मागे घेत होते. फाटकाशी खाकी शर्टातला एक वॉचमन हात हलवून ट्रकला दिशा दाखवत होता. रिक्षावाला शेजारच्या माणसाला म्हणाला, "यो बघ, यो आपल्या गावचा जस्तवाला. कंपनीचा जस्त इकून खाल्लान. आता गोडावन राखतो. ठेवलान कसा तेच कलत न्हाय."

ते काका होते. त्यांच्याच जुन्या शेतावरच्या गोडाऊनवर वॉचमन.

मी रिक्षातून उतरले नाही. त्या दिवशी मी कामावर काय केलं ते आठवत नाही. पण त्या शुक्रवारी, लूमची सुट्टी म्हणून वडील घरी होते, त्यांना मी सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. वडिलांनी डावा कान माझ्याकडे करून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "माझ्या लूमवर एकदा कापड कापलं म्हणून माझ्यावर आळ आला होता. तू लहान होतीस. ज्याने कापलं तो माझ्या शेजारीच उभा होता." आणि नंतर म्हणाले, "जा तू. मी येऊ का बरोबर?"

मी एकटी गेले. काकांचं घर गावाच्या आतल्या आळीत होतं. ते ओटीवर बसून दाढी करत होते. मला पाहून त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. अर्ध्या गालाला फेस तसाच होता.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. काच पुसली तो दिवस, फडकं, पत्र्यावरचे पुंजके, पुस्तकातलं पान. "तुम्ही बरोबर होतात काका. मला तेव्हाच माहीत होतं. शेठनी विचारलं त्याच्याही आधी माहीत होतं."

ते ऐकत होते. मग म्हणाले, "ता मना कशाला सांगतेस? मना ठावं हाय जस्त कुठं गेला." आणि घरात हाक मारली. त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "हिला सांग," काका म्हणाले.

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं. त्या बाईंना भट्टी, सेन्सर काही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी यांनी काय नेला न्हवता?"

"नाही."

"न तुला ठावं व्हता?"

"हो."

"मंग बोलली का न्हायस?"

इतके महिने ज्या प्रश्नाला मी घाबरत होते तो त्यांनी इतक्या साधेपणाने विचारला, की मी तयार केलेली सगळी उत्तरं गेली. "घाबरले," मी म्हणाले.

"मी यांना इचारला व्हता," त्या म्हणाल्या. "दोनदा इचारला. खरा सांगा, नेला का. आपल्या मानसाला इचारला मी." त्या आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. काकांनी ब्लेड उचललं आणि उरलेला गाल करायला घेतला. मला बसायला कुणी सांगितलं नाही. मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठसमोर उभी राहिले आणि तेच तिसऱ्यांदा सांगितलं. सोबत माहितीपुस्तक नेलं होतं, पेन्सिलची रेघ दाखवायला. शेठनी ती ओळ दोनदा वाचली.

"तेव्हा बोलली असतीस तर तुला काढलं असतं," ते म्हणाले.

"हो शेठ."

"आणि आता काढलं तर हे सगळं चालवणार कोण?" त्यांनी पुस्तक बंद केलं. म्हणाले, "मी अठरा वर्षांत त्याच्याकडून किल्ली कधी परत मागितली नव्हती. त्या दिवशी त्याने स्वतः ठेवली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं." मग ते उठले. "चल, गाडीत बस."

आम्ही टाइल्सच्या गोडाऊनवर गेलो. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा काकांनी सगळ्या गाड्यांना करतात तसा हात कपाळाला लावला. मग आत कोण आहे ते त्यांना दिसलं. शेठ उतरले. ट्रकमधून खोकी उतरवणारे पाच-सहा हमाल तिथे होते. शेठ मोठ्याने, हिंदीत म्हणाले, "गलती हमारी थी. जस्ता चोरी नहीं हुआ था. इस आदमी ने कुछ नहीं लिया."

हमाल बघत राहिले. ते सगळे बाहेरचे होते, कुठलं जस्त, कसली चोरी, त्यांना काहीच माहीत नव्हतं. ज्या लोकांनी काकांना जस्तवाला म्हटलं होतं त्यांच्यातलं तिथे कुणीच नव्हतं.

"बरा," काका म्हणाले.

"परत ये," शेठ म्हणाले. "भट्टी तुझीच आहे."

"न्हाय शेठ. आता डोल्याला सवय न्हाय ऱ्हायली." ते असं म्हणाले, पण मला खात्री आहे, डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मागून दुसरा ट्रक हॉर्न देत होता. काका फाटक उघडायला गेले.

मी त्या रिक्षावाल्याला शोधून सांगितलं. त्याने "असा काय?" म्हटलं आणि भाडं घेतलं. गावातल्या किराणा दुकानदाराला सांगितलं. चहावाल्याला सांगितलं. प्रत्येकाने ऐकून घेतलं. किती जणांनी पुढे सांगितलं ते मला माहीत नाही. चोरीची गोष्ट गावभर जायला एक दिवस पुरला होता. खरी गोष्ट मला दारोदार न्यावी लागत होती, आणि लोक तिच्याकडे शिळ्या बातमीसारखे बघत होते.

चार वर्षांनी मी तो कारखाना सोडला. त्यानंतरच्या वर्षी भिवंडीच्या एसटी स्टँडवर काका भेटले. कुणाच्या तरी बारशाला गणेशपुरीला निघाले होते, हातात टोपड्या-कपड्यांची पिशवी होती. मी जवळ जाऊन "काका" म्हटलं. त्यांनी ओळखलं.

"लगीन झाला?" त्यांनी विचारलं.

"झालं. मुलगी आहे एक."

"बरा हाय." ते गाडीच्या पाटीकडे बघत होते. मी विचारलं, काकी कशा आहेत. ते म्हणाले, "हाय. गुडघं दुखतान." मला आणखी काहीतरी बोलायचं होतं. पण जे बोलायचं ते मी तीनदा बोलून झालं होतं, आणि चौथ्यांदा बोलले असते तर ते त्यांच्यासाठी नसतं, माझ्यासाठी असतं. गाडी लागली. गर्दी दाराकडे धावली. मी पिशवी धरायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, जमताय मना," आणि चढले. खिडकीची जागा त्यांना मिळाली नाही. गाडी वळेपर्यंत मी उभी होते, पण आतल्या माणसांत ते मला पुन्हा दिसले नाहीत.